सहीच्या आधी हिशोब

परभणी,
संक्रांतीनंतरचा सोमवार

चि. सोन्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, गलक्यात निम्मं ऐकू आलं नाही. पण जेवढं ऐकलं तेवढ्यानं रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तुझ्या कारखान्याचा शेटजी बोटांच्या अपघाताबद्दल चाळीस हजार देतो म्हणतोय, वर एका कागदावर सही मागतोय, आणि तू विचारतोस, "देऊन टाकू का मामा?" लेकरा, तेव्हा घाईत "थांब" एवढंच म्हणालो. आता सगळं सविस्तर लिहितो, कारण फोनवर ऐकलेले आकडे दुसऱ्या दिवशी डोक्यात राहत नाहीत. तुझ्याजवळच्या त्या दोन पोरांनाही वाचून दाखव. उद्या त्यांच्यावरही वेळ येऊ शकते.

आधी हाताचं सांग. थंडीत तुटलेल्या बोटांना ठणका लागतो, मुंग्या येतात. ते काही दिवस चालतंच. रात्री कोमट पाण्यात हात धर आणि डॉक्टरांनी सांगितलेली बोटं हलवायची कसरत चुकवू नको. आळस केलास तर उरलेली पेरंही आखडतील. तुझ्या आईनं तिळाच्या पोळ्या केल्यात, मामीनं शेंगदाण्याची चटणी कुटली आहे. शेजारचा पोरगा गुरुवारी पनवेल गाडीनं पुण्याला येतोय, त्याच्याकडे डबा देतो. तुझी आई आता रडत नाही, पण दिवसातून दहादा विचारते, "त्याला पेन धरता येतो का?" तिच्याशी बोल जरा. मित्रांशी तास तास बोलतोस, तिला दोन मिनिटं देत जा.

आता मूळ मुद्दा. मी आयुष्यभर इथं कोर्टाच्या आवारात वकिलाच्या हाताखाली कारकुनी केली, हे तुला ठाऊक आहे. अपघाताच्या दाव्यांची कितीतरी बाडं या हातांनी शिवली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: माणूस कमी पैशावर सही करतो, कारण आपला आकडा किती निघतो हेच त्याला माहीत नसतं. चाळीस हजार ही तुला मोठी रक्कम वाटते, कारण तू ती तीन महिन्यांच्या पगाराशी ताडून बघतोस. कायदा तसा बघत नाही. तुझ्या उरलेल्या सगळ्या कामाच्या वर्षांत ही बोटं किती नडणार, हे तो बघतो.

कायदा 1923 चा. आधी त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत, 2010 पासून कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत मिसळला. तुझा अपघात दसऱ्याच्या आधीचा, म्हणून तुझा हिशोब जुन्या कायद्यानं होईल. नव्यातही मांडणीची रीत तीच ठेवली आहे, तेव्हा कुणी "कायदाच गेला" म्हणून घाबरवलं तर ऐकून घेऊ नको.

वही काढ आणि माझ्याबरोबर मांडत जा. तीन गोष्टी लागतात: महिन्याचा पगार, अपघाताच्या दिवशीचं वय आणि इजेचा टक्का.

पगार तुझा 14,000. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के धरतात. माणूस गेला तर 50 टक्के. तुझ्या 14,000 चे 60 टक्के म्हणजे 8,400. हिशोबाला पगाराची कमाल मर्यादा असते. ती बरीच वर्षं 8,000 रुपये होती, जानेवारी 2020 मध्ये 15,000 केली. म्हणजे तुला वीस हजार मिळत असते तरी 15,000 च धरले असते. तुझा त्याच्या आत आहे, पूर्ण धरला जाईल.

मग वय. कायद्याच्या शेवटी एक तक्ता आहे, त्यात प्रत्येक वयापुढे एक गुणक दिलेला आहे. माणूस जितका तरणा तितका गुणक मोठा, कारण पुढं कमवायची वर्षं जास्त. वयाच्या 20 ला 224, 30 ला 207.98, 40 ला 184.17, 50 ला 153.09. तुला 24 पूर्ण झालेली होती, तुझा गुणक 218.47. शाळेच्या टीसीवरची तारीख आणि आधारवरची तारीख एकच आहे ना, तेवढं बघून घे. आपल्याकडे मास्तरांनी पूर्वी सरसकट 1 जून घालून ठेवलेला असायचा, आणि त्या एका जूनपायी कोर्टात किती वेळ जातो ते मी पाहिलंय.

आता 8,400 ला 218.47 नं गुण. 18,35,148 रुपये येतात. ही झाली पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तुला त्यातला तुझ्या इजेपुरता टक्का मिळणार. तोही कुणाच्या मर्जीवर नाही, पहिल्या परिशिष्टात बोटांच्या पेरापेराचा हिशोब लिहून ठेवलेला आहे. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, दोन पेरं गेली तर 11, एक गेलं तर 9. मधल्या बोटाचं एक पेर 7 टक्के. अंगठा 30 टक्के, एका हाताची चार बोटं 50. तुझी तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक. 11 आणि 7 मिळून 18 टक्के.

18,35,148 चे 18 टक्के म्हणजे 3,30,326 रुपये. हा आकडा वहीत मोठा करून लिही आणि त्याच्या शेजारी चाळीस हजार लिही. मग मला सांग, सही करायची का.

आणि ही नुसती मूळ रक्कम झाली. अपघातापासून महिन्याभरात मालकानं भरपाई दिली नाही तर वर्षाला 12 टक्के सरळ व्याज लागतं. तुझ्या रकमेवर ते महिन्याला 3,303 रुपये होतं. समर्थनीय कारण नसताना टाळाटाळ केली असं दिसलं तर या कायद्याखालचा दावा ऐकणारे आयुक्त मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही बसवू शकतात. शेटजीनं कामगारांचा विमा काढलेला असेल तर मूळ रक्कम आणि व्याज विमा कंपनी भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. म्हणून त्याला शांतपणे विचार, पॉलिसी आहे का. असली तर त्याचाही जीव हलका होईल, आणि तुझ्याशी घासाघीस करण्यात त्याला फायदा राहणार नाही. तो माणूस वाईटच आहे असं मी म्हणत नाही. छोट्या कारखानदारावरही कर्जाचं ओझं असतं. पण त्याचं ओझं तुझ्या बोटानं का उचलायचं?

दवाखान्याचा खर्च वेगळा. प्रत्यक्ष झालेला खर्च मालकानं भरून द्यायचा, तो भरपाईत वळता करता येत नाही. "तुझ्या ऑपरेशनला मी साठ हजार घातले, ते झाले ना" असं तो म्हणेल. तेव्हा हे आठव. घरी बसलास त्या काळाचंही काही आहे: पगाराच्या चौथाई इतकी रक्कम दर पंधरवड्याला, म्हणजे तुझे 3,500. अठ्ठावीस दिवस किंवा त्याहून जास्त काम बंद राहिलं तर ती पहिल्या दिवसापासून लागू होते, आणि तू तर साडेतीन महिने घरी आहेस. मधे त्यानं घरखर्चाला म्हणून जे पाच हजार दिले, तेवढे मात्र वजा होऊ शकतात. खरं ते खरं, ते लपवू नको.

हे सगळं ज्या एका खुंटीवर टांगलेलं आहे ती म्हणजे पगाराचा पुरावा. तुझा पगार निम्मा खात्यात आणि निम्मा हातात, हीच मला खरी काळजी आहे. हजेरीबुकात त्यानं 9,000 लिहिले असतील तर आकडा थेट 2,12,352 वर येतो, एका झटक्यात एक लाख अठरा हजारांचं नुकसान. तेव्हा फोनपेवर आलेले पैसे, पगाराच्या दिवशीचे व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, पाकिटावर पेननं लिहिलेला आकडा, जे असेल त्याचे फोटो काढून मला पाठव आणि मूळ कागद जपून ठेव. शेजारच्या मशीनवरचा तो बिहारी पोरगा "आम्हाला एवढाच पगार होता" असं सांगायला तयार असेल तर फार बरं, पण त्याची नोकरी जाईल असं काही करू नको.

दुसरा कागद दवाखान्याचा. तुला पहिल्यांदा ज्या खासगी दवाखान्यात नेलं तिथल्या केसपेपरवर इजा कशी झाली म्हणून काय लिहिलंय, ते आजच बघ. बरेचदा सोबत आलेला सुपरवायझर "घरी दारात बोट सापडलं" असं सांगतो, डॉक्टर लिहून मोकळे होतात, आणि दोन वर्षांनी तोच कागद वकील नाचवतो. "कामावर पॉवर प्रेसमध्ये" असं लिहिलेलं असलं तर तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेव. नसलं तर घाबरू नको. शिवलेल्या जखमेचे फोटो, ज्या रिक्षातून नेलं तिचा चालक, त्या दिवशीचे फोन, सगळं कामाला येतं. सरकारी दवाखान्यातून अपंगत्वाचा दाखलाही काढून घे.

तू म्हणालास, शेटजी म्हणतो चूक तुझीच, गार्ड तू काढलंस. सोन्या, मला आधी खरं सांग. प्रेसला दोन्ही हातांची बटणं होती ना? मग पायडलवर का चालवत होतास? दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय ठोका पडत नाही, म्हणजे डायमध्ये हात असूच शकत नाही. पण त्यानं नग कमी निघतात, म्हणून एक बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवायचं नाहीतर पायडल जोडायचं, ही सगळीकडची तऱ्हा आहे. कायदा असा: कामगारानं मुद्दाम, जाणूनबुजून सुरक्षेचं साधन काढलं असेल तर मालक हात वर करू शकतो. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही चालत नाही. नुसता निष्काळजीपणा झाला, डोळा लागला, गडबड झाली, एवढ्यानं हक्क जात नाही. आणि गार्ड मालकानंच काढून ठेवलेलं असेल तर बोलायलाच नको. मशीनचा फोटो आहे का कुणाकडे? असेल तर आत्ताच मागून घे, एखाद्या दिवशी नवं गार्ड बसवलेलं दिसेल.

आपल्या भागातल्या माणसाला हे सगळं बाहेरचं वाटतं. पण मानवतच्या जिनिंगात मी लहानपणी पाहिलेला एक माणूस अजून डोळ्यापुढं आहे. रोलरमधल्या कापसाचा गुंता काढताना कोपरापर्यंत हात गेला. त्याच्या घरी ज्वारीची दोन पोती आणि थोडे पैसे पोचते झाले आणि विषय मिटला. त्यानं पुढं उरलेली सगळी वर्षं दुसऱ्यांची गुरं राखली. आणि जुनं कशाला, मे 2023 मध्ये आपल्याच सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथं शौचालयाची टाकी साफ करताना पाच माणसं गुदमरून गेली. तू तेव्हा इथंच होतास, सगळ्या जिल्ह्याला चूल पेटवावीशी वाटत नव्हती. त्यानंतर पाच महिन्यांनी, 20 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टानं गटारात आणि टाकीत मरणाऱ्या माणसाची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली आणि कायमचं अपंगत्व आलेल्यांना किमान वीस लाख सांगितले. रक्कम ठरवायला किती माणसं गेली, हा विचार केला की जीव कासावीस होतो. तरी लिहितो, कारण आपल्या पोरांना तो आकडा माहीत नसतो.

ऊसतोडीला गंगाखेड-पालमकडून जातात त्यांचंही तेच. मुकादम उचल देतो, ट्रॅक्टर उलटतो, आणि नंतर मुकादम सापडत नाही. मूळ मालकाच्या धंद्याचंच काम ठेकेदारामार्फत चालत असेल तर भरपाईतून मूळ मालक सुटत नाही, असं हा कायदा सांगतो. तुझ्याही बाबतीत शेटजी म्हणाला की "पोरं ठेकेदाराची", तर ते उत्तर पुरत नाही.

एक चौकशी मात्र आधी कर. पगारातून कधी ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विम्याची वर्गणी, कापली का? तुमच्यात सातच माणसं, म्हणून नसेलच. ईएसआय दहा किंवा जास्त माणसांच्या ठिकाणी आणि 21,000 पर्यंतच्या पगाराला लागतं. पण मागच्या खोलीतले पॅकिंगवाले धरून आकडा दहावर जात असेल तर वाट वेगळी होते. मग भरपाई मालकाकडून न मिळता ईएसआय महामंडळाकडून मिळते, आणि ती एकरकमी नसून बहुतेकदा जन्मभर दरमहा चालते. दोन्हीकडून घेता येत नाही. माणसं मोजून सांग, त्यावर ठरवू. आणि तुझा तो बांधकामावर जाणारा दोस्त आहे ना, त्यानं बांधकाम कामगार मंडळात नोंदणी केली का? वर्षात नव्वद दिवस काम केलेलं असलं की होते. नोंदणी असली आणि कामावर जीव गेला तर घरच्यांना मंडळाकडून पाच लाख मिळतात. नोंदणीच नसली तर मागायचं कुठं?

आता तो कागद. "पूर्ण व अंतिम तडजोड, पुढं कोणतीही तक्रार नाही" असं त्यावर लिहिलेलं असणार, मी न बघता सांगतो. कोऱ्या कागदावर तर अजिबात नाही, नुसत्या रेव्हेन्यू तिकिटावरही नाही. या कायद्याखालचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातलच असतो, म्हणून समजा मधल्या काळात दबावाखाली सही झालीच असेल तर माझ्यापासून लपवू नको, दार बंद होत नाही. पण दार उघडायला दोन-तीन वर्षं जास्त लागतात, आणि तोवर खायचं काय? तडजोड करायचीच असेल तर आयुक्तापुढं नोंदवून करायची. रक्कम फारच कमी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. शेटजी खरंच प्रामाणिक असेल तर तिथं यायला त्याला अडचण काय?

दावा दोन वर्षांत घालायचा. तुझ्याकडे वेळ आहे, पण ढिलाई नको. आधी मालकाला लेखी कळव: कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या मशीनवर, काय इजा झाली. रजिस्टर पोस्टानं पाठव, पावती ठेव. दावा पुण्यातच घालावा असं नाही, तू जिथला राहणारा तिथंही घालता येतो, म्हणजे परभणीतही. तारखेला इथं मी बसेन, तुझी आई बसेल. वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नको. कारखान्यातल्या कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. कोर्टाच्या आवारात आता नवी पोरं आहेत, तरी दोन-चार जण मला ओळखतात.

एक जुना निकाल सांगतो, तुला धीर येईल. ओरिसातल्या एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. मालकाचं म्हणणं, परिशिष्टातल्या टक्क्याइतकंच देणार. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 1975 साल. कोर्ट म्हणालं, सुतारकाम एका हातानं होत नाही, या माणसाची सुतार म्हणून कमाई पूर्ण गेली, पूर्ण भरपाई द्या. आणि पैसे देणं अपघाताच्या दिवसापासूनच लागू होतं, निकालाच्या दिवसापासून नाही. म्हणून डॉक्टरांना आणि वकिलांना हेही सांग की उजव्या हाताच्या चिमटीत तुला आता नट धरता येतो की नाही, मायक्रोमीटर फिरवता येतो की नाही. तुझं पोट त्याच चिमटीवर आहे. 18 टक्के ही तुझी खालची पायरी समज.

परत प्रेसवर बसायची घाई करू नको. शेटजीनं "हलकं काम देतो" म्हटलं तर चांगलंच, पण त्या बदल्यात सही मागितली तर उठून ये. घरी तूर काढायची आहे, हरभरा घाटे धरतोय, दोन घास कमी पडणार नाहीत. फेब्रुवारीत तुराबुल हकचा उरूस भरेल, तेव्हा असलास तर मला आणि मामीला बरं वाटेल. धाकटी म्हणते, दादा आला तरच पाळण्यात बसेन.

शनिवारी दुपारी फोन कर, तेव्हा घरीच असतो. त्याआधी केसपेपरचे आणि फोनपेचे फोटो पाठव. वहीत मांडलेला हिशोबही पाठव, गुणाकार तुझ्या अक्षरात बघायचा आहे. डाव्या हातानं लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
मामा